वाचल्याशिवाय हिरवं नाही

ऑफिसात तिला सगळे जकातताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, आणि पाठ वळली की जकातताई. हे तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. एकदा एकजण चुकून तोंडावरच बोलून गेला आणि जीभ चावून उभा राहिला. तेव्हा ती म्हणाली, "मग? नाक्यावर गाडी थांबायचीच. उघड मागचं दार, बघू काय भरलंयस ते."

हे नाव तिला मिळालं ते एका बटणामुळे. कंपनी हॉस्पिटलांसाठी प्रोग्रॅम बनवायची. डॉक्टरांनी औषध लिहिलं की रुग्णाचं वय आणि वजन बघून ते किती द्यायचं, हे प्रोग्रॅम सांगे आणि नर्स तेवढं देई. अशा कामात कुणी एक ओळ जरी बदलली, तरी दुसऱ्या दोघांनी ती वाचायची आणि ठीक वाटली तर पडद्यावरचं हिरवं बटण दाबायचं, असा नियम होता. दोन हिरवी झाली की काम पुढे. नियम उत्तम होता. त्यात फक्त "वाचायची" हा शब्द होता आणि तिथेच सगळ्यांचं घोडं अडायचं.

प्रोग्रॅमर मंडळींची एक खोड आहे. कुणी चार ओळी बदलल्या तर सगळे त्या चार ओळींवर तुटून पडतात. हे नाव असंच का, ती जागा तशीच का सोडली, यावर चाळीस शेरे येतात आणि दोन जण एकमेकांशी बोलेनासे होतात. पण चार हजार ओळी समोर आल्या की तेच लोक एकदम उदार होतात. पडदा वरून खाली सरकवायचा, "छान दिसतंय" लिहायचं, हिरवं दाबायचं आणि कॉफीच्या यंत्राकडे निघायचं. एवढं सगळं कोण वाचत बसणार? दुसरा वाचेलच की! आणि दुसराही नेमकं हेच म्हणत असतो.

ताई वाचायची. चार ओळी असोत की चार हजार, कानामागे पेन्सिल खोचायची, समोर कागद घ्यायचा आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. मध्ये कुणी बोललं तर एक बोट वर करायची. ते बोट खाली येईपर्यंत कंपनीचा मालक जरी आला असता तरी त्याला थांबावं लागलं असतं. ती या धंद्यात आली तेव्हा तिला प्रोग्रॅम लिहिण्याची हौस होती. पुढे पुढे तिला लिहिण्यापेक्षा वाचण्याचीच गोडी लागली. दुसऱ्याचं डोकं कुठून कुठे गेलं, कुठे ठेचकाळलं, कुठे त्याने कंटाळून पाट्या टाकल्या, हे तिला ओळींतून दिसायचं, आणि त्यात तिला मनापासून मजा यायची.

बाकी ऑफिसात मजा यावी असं फारसं काही उरलं नव्हतं. दर महिन्याला पासवर्ड बदलायचा नियम होता, म्हणून सगळ्यांचे पासवर्ड कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहिलेले असत. सकाळची बैठक लांबू नये म्हणून ती उभ्याने घ्यायची असं ठरलं होतं. ती तितकीच लांबायची, फक्त आता पाय दुखायचे. ताईने डोळ्यांना त्रास होतो म्हणून मोठा पडदा मागितला होता. तो अर्ज चार खात्यांतून फिरून आला आणि सोबत एक माऊस आला. माऊस तिच्याकडे होताच. आता दोन झाले.

मग हिरव्या बटणालाही नियम लागला. वरच्या साहेबांनी कुठेतरी ऐकलं की वेग म्हणजेच सगळं. त्यांनी कॉफीच्या यंत्राजवळ भिंतीवर एक भला मोठा पडदा लावला, ताईने मागितला होता त्याच्या चौपट. कोण किती लवकर हिरवं दाबतं, ते त्यावर नावानिशी दिसायचं. सगळ्यात वर एक्स्प्रेस. हा पंचविशीतला हसतमुख मुलगा, काम हातात यायच्या आधी मोकळं करायचा. एकदा कुणीतरी गंमत म्हणून कामाच्या मधोमध लिहिलं, "हे वाचणाऱ्याला माझ्याकडून केक." एक्स्प्रेसने ते "छान दिसतंय" म्हणून पास केलं. केक अर्थातच ताईने खाल्ला.

तिचं नाव पडद्यावर सगळ्यात खाली, लाल अक्षरांत असायचं.

एके दिवशी कप्तानाने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. कप्तान म्हणजे त्यांच्या गटाचा प्रमुख. दर वाक्यात "आपली टीम" म्हणायचा, म्हणून कप्तान. माणूस वाईट नव्हता. पूर्वी तोही बरा प्रोग्रॅमर होता, पण आता वरचा फोन आला की खुर्चीतल्या खुर्चीत ताठ व्हायचा.

"ताई, स्पष्टच बोलतो. तुमच्यामुळे आपल्या टीमचा आकडा बिघडतोय. या महिन्यात सुधारला नाही तर तुमचं बटण काढून घ्यायला सांगितलंय मला."

"आणि मग मी काय करू?"

"वरच्या मजल्यावर जा. माहितीपुस्तिका लिहा. निवांत काम आहे."

वरच्या मजल्यावर तिला प्रोग्रॅमची एक ओळही दिसणार नव्हती. "या कळीवर क्लिक करा, त्या कळीवर क्लिक करा" असं निवृत्त होईपर्यंत लिहीत बसायचं! पण ही धास्ती तिने आवाजात येऊ दिली नाही. "कप्तान, मी वाचल्याशिवाय दाबणार नाही. हे आजही सांगते आणि महिन्याच्या शेवटीही सांगेन. उगाच आशेवर राहू नका."

त्याच आठवड्यात कोपऱ्यातल्या काकांचं काम आलं.

कोपऱ्यातले काका कंपनीच्या सुरुवातीपासूनचे. खांबाआडच्या टेबलाशी बसायचे, डबाही तिथेच खायचे. त्यांनी लहान बाळांच्या औषधाचा हिशोब करणारा सगळा भाग नव्याने लिहिला होता. काम भलं मोठं होतं आणि त्याच संध्याकाळी ते हॉस्पिटलांना जायचं होतं. बाळांच्या भागाला हिरवं देण्याचा अधिकार तिघांनाच होता: एक्स्प्रेस, ताई आणि कप्तान. एक्स्प्रेसचं हिरवं काम येताक्षणी पडलं. आता ताईचं बाकी होतं.

ताईने पेन्सिल कानामागे खोचली.

दुपारी कप्तान आला. बोट वर होतं, तरी बोलला. "ताई, काकांचं काम आहे. इतक्या वर्षांत त्यांची एक तरी चूक निघालीय का?"

बोट खाली आलं. "निघायला कुणी बघितलंय का?"

कप्तान तोंडात मारल्यासारखा परत गेला.

ती वाचत राहिली. कागदावर वेगवेगळ्या वजनांची बाळं मांडून हाताने हिशोब केले आणि प्रोग्रॅमशी ताडून बघितले. सगळे जुळले. संध्याकाळ झाली, हॉस्पिटलांना "उद्या देतो" असा निरोप गेला आणि भिंतीवरच्या तिच्या नावापुढचा तासांचा लाल आकडा वाढत चालला. येणारे-जाणारे कॉफी घेता घेता तिच्याकडे बघायचे आणि मूग गिळून पुढे जायचे.

घरी सासूबाई वाटाणे सोलत होत्या आणि नवरा कुकरची शिट्टी खालवर करत होता. तिने सगळं सांगितलं. आता एवढी अडवणूक केल्यावर काहीतरी चूक सापडायलाच हवी, नाहीतर उद्या सगळे हसतील, हेही सांगितलं.

"मग काढ की एखादी," सासूबाई म्हणाल्या. "बारीकशी. खरवडलं की कुठेही काहीतरी निघतंच."

"निघेल, आई. पण ती चूक नसेल. ते नुसतं खरवडणं होईल."

"आणि तुझं बटण?"

ताईने मूठभर शेंगा सोलायला घेतल्या. खरं सांगायचं तर ऑफिसातून निघतानाच तिच्या मनात तो विचार येऊन गेला होता. एक जागा होती, जिथे काकांनी नाव जरा लांबलचक दिलं होतं. त्यावरून रण माजवता आलं असतं. काम काकांकडे परत गेलं की तिचा आकडा थांबला असता, अब्रूही वाचली असती. त्या विचाराचा तिला रागच आला. बाळांच्या औषधाचं काम वाचताना आपण मनातल्या मनात म्हणत होतो, देवा, एक तरी चूक असू दे! तिला स्वतःची लाज वाटली.

"चांगलं असेल तर चांगलं म्हण आणि मोकळी हो," नवरा कुकरवर डोळे ठेवून म्हणाला. "एवढं काय त्यात? वाटाणे आण."

दुसऱ्या दिवशी तिने उरलेलं वाचलं. शेवटाकडे ती एका जागी थांबली. बाळाचं वजन कुणी भरलंच नाही तर काय होतं, ते तिथे होतं. जुना प्रोग्रॅम अशा वेळी सरासरी वजन धरून पुढे जायचा आणि नर्सला त्याचा पत्ताही लागायचा नाही. काकांचा प्रोग्रॅम थांबत होता. तो काहीही धरून चालत नव्हता. आधी बाळाचं वजन करा, असं सांगत होता आणि वजन येईपर्यंत औषधाचा आकडाच दाखवत नव्हता. असं थांबायला लावणं सोपं नसतं. त्यासाठी काकांनी मागचं कितीतरी उसवून पुन्हा शिवलं होतं. ताईने ती जागा दोनदा वाचली, आणि दुसऱ्यांदा केवळ आनंदासाठी.

मग तिने लिहिलं, "पूर्ण वाचलं. चूक नाही. बाळाचं वजन नसेल तर थांबवलंत, ते फार आवडलं." आणि हिरवं दाबलं.

ऑफिसात हशा पिकला. "दोन दिवस अडवलं आणि निघालं काय, तर आवडलं!" ताईने ऐकलं आणि शांतपणे पेन्सिलीला टोक काढलं. चूक नव्हती, तर नव्हती. वाचल्यावर कळलं की नाही?

थोड्या वेळाने तिच्या टेबलापाशी सावली पडली. काका उभे होते. खांबाआडून ते इतक्या लांब आलेले कुणी पाहिले नव्हते.

"तुम्ही तिथपर्यंत वाचलंत?" त्यांनी विचारलं.

"तिथपर्यंत म्हणजे? शेवटपर्यंत वाचलं."

"त्या एका जागेपायी माझा अख्खा पावसाळा गेला," काका म्हणाले. "मी घरी कुणाला सांगू शकत नाही, त्यांना कळत नाही. इथे सांगू शकत नाही, इथे कुणाला वेळ नाही. मी धरूनच चाललो होतो की कुणी बघणार नाही." ताईने शेजारची खुर्ची ओढली, पण काका मान हलवून परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उभ्या बैठकीत कप्तानाने पायांकडे बघत जाहीर केलं की वरच्या हुकमावरून, महिना संपायची वाट न बघता, ताईचं बटण आजपासून काढण्यात येत आहे. काकांच्या कामाला दोन हिरवी झालीच आहेत, ते दुपारी हॉस्पिटलांना जाईल.

"नाही जाणार," मागून आवाज आला.

सगळे वळले. काका बैठकीत कधी बोलत नसत.

"दोन हिरवी झालीत, काका," कप्तान म्हणाला.

"एकच झालंय. दुसरं नुसतं दाबलंय."

एक्स्प्रेसचे कान लाल झाले. तो एरवी कशालाही हसून वेळ मारून न्यायचा. या वेळी त्याला हसू आलं नाही.

"खरं आहे," तो म्हणाला. "मी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. बाळांचं आहे हेही मला ताईंचा शेरा वाचून कळलं. माझं हिरवं काढून टाका."

कप्तानाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने एकदा भिंतीवरच्या पडद्याकडे बघितलं, एकदा फोनकडे. बाळांच्या भागाला हिरवं देणारा आता एकच माणूस उरला होता. "ठीक आहे!" तो तडकून म्हणाला. "त्यात काय एवढं? मी वाचतो. दुपारपर्यंत संपवतो. आणि ताईंचं काय करायचं ते त्यानंतर बघू."

तो काचेच्या खोलीत शिरला आणि दार लावलं. दुपार झाली. जेवणाची वेळ टळली. काचेतून सगळ्यांना दिसत होतं, कप्तानाने आधी कोट काढला, मग फोन उलटा ठेवला, मग कुठूनतरी कागद पैदा केला. कुणी दार वाजवलं तर तो न बघताच बोट वर करायचा. पुढच्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. वरून फोन आले, त्यांना त्याने काय सांगितलं कुणास ठाऊक, पण सांगताना तो खुर्चीत ताठ झाला नाही, हे बऱ्याच जणांनी पाहिलं.

चौथ्या दिवशी तो आपली खुर्ची ढकलत ताईच्या टेबलापाशी आला. दाढी वाढलेली, हातात रेघोट्यांनी भरलेले कागद.

"तुमचं बटण तुमच्याकडेच राहतंय. वर कळवलंय मी," तो म्हणाला. मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मी अजून निम्म्यातच आहे. ताई, हे सगळं तुम्ही दोनच दिवसांत कसं काय वाचलंत?"