कुलूपवाल्याने घेतलेली परीक्षा

कुलपं विकणारा माणूस थोडा संशयी असायचाच, पण आमच्या या कुलूपवाल्याची तऱ्हाच न्यारी. दुकान बंद करून निघाला की वळणावरून परत यायचा, कुलूप ओढून बघायचा, आणि मग खिडकीला डोळा लावायचा, जणू आपण स्वतःच आत राहिलो की काय! दूध पातळ लागलं तर गवळ्यावर संशय; घट्ट लागलं तर डबल संशय, हा आज एवढा उदार कसा झाला? सगळ्या जगात त्याला काही ना काही खटकायचं, म्हणून बाजारात त्याचं नावच पडलं खटकेबुवा.

या खटकेबुवाला देवाने जुळी दिली. मुलगी घटकाभर आधी आली म्हणून ती थोरली, मुलगा मागून आला म्हणून तो धाकटा. पोरगा रांगायला लागला तेव्हाच बापाने दुकानाच्या पाटीवर ‘आणि चिरंजीव’ रंगवून घेतलं होतं. दोघं एकाच वर्गात, एकाच दिव्याखाली अभ्यासाला बसत. आणि शाळेचा निकाल लागला तर काय? थोरली गणितात वर्गात पहिली, आणि चिरंजीव गणितात सपशेल आडवे!

खटकेबुवाच्या मनात पाल चुकचुकली.

“एकाच साच्यातल्या दोन किल्ल्या,” तो शेजारच्या न्हाव्याला म्हणाला. “एक फिरते आणि एक अडते, असं होतं का कधी? मध्ये कुणीतरी कानस मारलीय.”

“अहो, यंदा सगळीकडे हेच,” न्हावी एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत म्हणाला. “वर बघावं तर मुलीच मुली. आमचा भाचा शेवटून पहिला आलाय! मुली गप्प बसतात, बाईंना गप्प पोरं आवडतात. गप्प बसण्याचे मार्क आहेत ते.”

“आमची थोरली आणि गप्प? तिच्या जिभेने तू दाढी करशील!”

“मग कॉपी केली असेल,” फेसाच्या आतून गिऱ्हाईकच बोललं.

झालं! तो शब्द खटकेबुवाच्या कानात शिरला तो बाहेर निघेना. तो तसाच उठला आणि शाळेत मोठ्या बाईंसमोर जाऊन उभा राहिला. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्य. त्यांच्यापुढे गावगुंडही टोपी काढायचे.

“निकालात काहीतरी गडबड आहे,” त्याने टेबलावर हात आपटला. “थोरलीने कॉपी केली असणार, नाहीतर तुम्ही बायाबायांनी मिळून मुलींना वर चढवलंय.”

मोठ्या बाई चिडल्या नाहीत. त्याचीच बुवाला जास्त भीती वाटली.

“तंत्रशाळा आपल्या शाळेतून एकच मूल घेणार आहे,” त्या म्हणाल्या. “मी तुमच्या मुलीची शिफारस करतेय. तुम्ही तक्रार दिलीत तर चौकशी लागेल, शिफारस थांबेल, आणि जागा दुसऱ्या शाळेला जाईल. उद्या दुपारपर्यंत विचार करून या.”

दुसरा कुणी असता तर घाबरून गप्प बसला असता. बुवा मात्र घरी येता येता म्हणत होता, एवढी घाई का? उद्या दुपारच का?

सकाळी त्याने बेत आखला. गणिताच्या पुस्तकातली शेवटची, शाळेत न शिकवलेली उदाहरणं काढली. थोरलीला दुकानामागच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कुलूप घातलं. साधंसुधं नव्हे, दुकानातलं सगळ्यात भारी!

“अहो, पोटची पोर आहे ती, चोर नाही!” बायको ओरडली.

“तू खिडकीपासून लांब राहा. तुझाही भरवसा नाही.”

धाकट्याला त्याने पुढे, आपल्या नजरेसमोर बसवलं. पोरगा पेन्सिल चावत बसला. एक ओळ लिहिली आणि वर बघितलं.

“हातचा विसरलास,” बाप म्हणाला.

पोराने हातचा घेतला. परत वर बघितलं.

“आता भाग लाव. अरे, इथे नाही, इथे. सोड, दे इकडे.” आणि बापाने पेन्सिल घेऊन आकडा लिहिलासुद्धा.

बायको दारात पदर खोचून उभी होती. “काय हो, पोरगा पास झाला की तुम्ही?”

बुवाने दचकून कागदाकडे बघितलं. निम्मं अक्षर त्याचंच होतं. त्याला शपथेवर विचारलं असतं तरी ‘मी कुठे सांगितलं?’ असंच तो म्हणाला असता!

मागची खोली उघडली. थोरलीने कागद पुढे केला. सगळी उदाहरणं सोडवलेली, एकात तर खाडाखोड करून करून शेवटी वाट काढलेली. मदत करायला आत एक पाल होती, तीही भिंतीवर.

तरी त्याचा संशय हटेना. आता अदलाबदल! उदाहरणं नवी, धाकटा आत, थोरली पुढे. थोरली लिहिताना अडली तसा बुवा सवयीने वाकला. तिने कागदावर हात ठेवला. “बघू नका बाबा. माझं मी करते.”

“मी फक्त...”

“मला कधी सांगितलंत आजवर? मी विचारलं की म्हणायचात, ‘जा गं, मला काम आहे, तुझं तू बघ.’ मग बघितलं मी.”

ती रागाने बोलत नव्हती, पण बुवाला रागच बरा वाटला असता. तो उठला आणि खोलीचं कुलूप काढायला गेला.

आत धाकटा पहिल्या ओळीपाशीच बसला होता. रडत नव्हता, कंटाळलाही नव्हता. नुसती वाट बघत होता. बाप दिसताच त्याचं तोंड उजळलं आणि त्याने पेन्सिल बापापुढे धरली. “आलात? आता पुढचं सांगा ना.”

कुलूपवाल्याचा हात पुढे गेला आणि हवेतच थांबला. दुकानातही हेच चालायचं. पोराच्या हातात कानस दिली की क्षणात, ‘सोड, मी करतो.’ किती मायेने करायचा तो! कॉपी कुणी शिकवली याचा शोध तो शाळेत घेत होता.

थोरली मागे येऊन उभी होती. “बाबा, धाकटा पहिला आला असता, तर त्याला कोंडून परीक्षा घेतली असतीत?”

बुवाने चपला पायात सरकवल्या आणि शाळेची वाट धरली. थोरली मागून निघाली, चांगलं अंतर ठेवून.

“निकाल बरोबर आहे,” त्याने मोठ्या बाईंना सांगितलं. “तक्रार नाही.”

बाईंनी चष्मा नाकावर ओढला. “काल टेबल हादरत होतं. आज कुणी दम दिला?”

“कुणी नाही.”

“मग पोरीला तंत्रशाळेत पाठवायचंच नाही, असा डाव आहे?”

“डाव कसला बाई! शिफारस पाठवा. आत्ता पाठवा, माझ्यासमोर!” त्याला घाम फुटला. खरं बोलताना माणूस इतका खोटा दिसतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. “आणि धाकट्याला त्याच वर्गात परत बसवा. तो वर बघेल. त्याने वर बघितलं की सांगू नका काही. घरी मला जमत नाही.”

बाईंनी त्याला बराच वेळ निरखलं आणि मगच शिफारशीवर सही केली.

तो बाहेर आला. थोरली फाटकाशी उभी होती.

“काय सांगितलंत?”

“निकाल बरोबर आहे म्हणून. बाईंनी सही केली. जा आता तंत्रशाळेत.”

तिने बापाचा चेहरा नीट न्याहाळला, एका बाजूने, मग दुसऱ्या.

“थांबा इथेच,” ती म्हणाली. “मी बाईंना विचारून येते.”