सहीआधी वाचून दाखवणाऱ्या वत्सलाताई

नववीनंतर माझी शाळा सुटली. टायपिंगचे प्रमाणपत्र घेऊन मी कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या वत्सलाताईंच्या ऑफिसात गेलो, तेव्हा त्या जिल्हा न्यायालयात वकिली करीत होत्या. मी बोटांचा सराव करून गेलो होतो. ताईंनी एक अर्ज हातात दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितले. तीच माझी परीक्षा.

पक्षकाराला पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा नाही, ही ताईंच्या ऑफिसची रीत. बाहेर कितीही माणसे खोळंबली तरी. एकदा कोडोलीच्या एका आजींचा जमिनीचा दावा मी टाइप केला. तीन वेळा तपासला होता. चतुःसीमा वाचू लागलो, तोच आजींनी थांबवले.

"वढा उगवतीला न्हाय बाळा, मावळतीला हाय. जल्म गेला माझा त्या वढ्यावर."

तो कागद तसाच गेला असता, तर दावाच डळमळला असता. ताई म्हणाल्या, "आक्का, चूक माझी हाय. खाली सही माझी असती." आजींसाठी त्यांनी चहा मागवला आणि मला एवढेच सांगितले, की पुन्हा टाइप कर, पुन्हा वाचू.

पुढे ताई राज्यसभेवर गेल्या, राज्यपाल झाल्या, मग राष्ट्रपती. शपथविधी आम्ही ऑफिसातल्या टीव्हीवर पाहिला. ताईंनी आधी शपथ मोठ्याने वाचली, मग सही केली. आमच्या ऑफिसात कोणालाच त्याचे नवल वाटले नाही.

आता ऑफिस त्यांच्या ज्युनिअर वकीलबाई पाहतात. खिडकीपाशी ताईंची खुर्ची आहे. तिच्यावर कोणी बसत नाही. मी रोज ती पुसतो आणि अजूनही, जिन्यात पावले वाजली की मान वर होते.

राष्ट्रपती म्हणून ताई कोल्हापुरात आल्या, तेव्हा आम्हाला दोन मिनिटे मिळाली. त्यांनी माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग विचारले, "वाचून दाखवतोस ना अजून?"

मी "होय" म्हणालो. ते खरे नव्हते. कामाची गर्दी वाढली तशी ती रीत मीच सोडली होती.

दुसऱ्या दिवशी गगनबावड्याच्या एका गृहस्थांना मी अख्खा अर्ज वाचून दाखवला. तेव्हापासून एकही कागद न वाचता सहीला गेलेला नाही.

मुदत संपल्यावर ताई परत येतील का, हे त्या दिवशी विचारायचे राहून गेले. ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा लेख लिहिला आहे. यापुढेही त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. इतके, की त्या खुर्चीवर बसून त्या हा लेख ऐकतील. त्यांना वाचून दाखवला, की मगच मी याखाली सही करीन.