झोपलेल्या बापाशेजारी अपूर्णांक

माझ्या पत्रकातली पहिलीच सूचना चुकीची होती, हे आधी सांगून टाकते. "मुलांकडून घरी रोज अर्धा तास मोठ्याने वाचून घ्या." नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं, मी विशीत होते. पाचवी ते सातवीच्या मुलांचा घरचा अभ्यास हा वस्त्यांत काम करणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांच्या गटाचा विषय, आणि भिवंडीच्या गल्ल्यांत मी सायक्लोस्टाइल पत्रकं वाटत फिरत होते. लिहिलं आम्ही, पण घरं बघितली नाहीत. याला मस्तवालपणाच म्हणतात.

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याच्या भिंतीला लागून एक खोली होती. तिथली मुलगी सहावीत गणितात नापास झालेली, जूनमध्ये फेरपरीक्षा. लूमवर रात्रपाळी करणाऱ्या बापानं बजावलं होतं, या वेळी पास झाली नाही तर शाळा बंद, घरी कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. ती भरायला पोरींचे हात सगळ्यांना हवे असतात, त्याच हातांत वही दिसली की मात्र पोटात दुखतं. माझं डोकं फिरलं.

पोरगी नापास गणितात, तरी पत्रकाबरहुकूम मी तिला मोठ्यानं वाचायला बसवलं. दुसऱ्याच ओळीला बाप दचकून उठला. भिंतीपलीकडच्या खडखडाटात तो गाढ झोपायचा, माणसाच्या आवाजानं मात्र जागा व्हायचा. कारखान्यात कुणी ओरडलं म्हणजे अपघात, एवढंच त्याच्या कानाला ठाऊक.

"काय झालं? कोनाचा हात गेला?"

"कोनाचा न्हाय, इतिहास वाचतेय," पोरीची आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "ताई, तुमचा कागद चांगला हाय. पन आधी दुपारची आमच्या घरात झोपून बघा, मंग लिवा."

मी पत्रकाची घडी घालून ते पिशवीत टाकलं. हे फारसं होत नाही.

वाट आईनंच काढली. "कारखान्यात तोंडानं कोन बोलतं? सगळं हातावर चालतं." खरंच की! लांबच्या लूमवरच्या कारागिराला आकडे बोटांनीच सांगतात. नवऱ्याकडून शिकलेल्या खुणा तिनं पोरीला दाखवल्या आणि मे महिनाभर त्या खोलीत मुका अभ्यास चालला. पाढे बोटांवर, छातीला मूठ लावली की दहा. चिंध्यांच्या घड्या घालून अपूर्णांक. पाव भागाच्या चिंधीवर तीन-अष्टमांशाची चिंधी पसरून, कोण मोठं हे दाखवताना पोरगी माझ्याकडे अशी बघायची की जणू मीच नापास. फरशीवर खडूनं चौकटी आखून क्षेत्रफळ. संध्याकाळी बाप उठला की चहा पिता पिता बोटांनी गणितं घालायचा आणि उत्तर चुकलं की कपाळावर हात मारायचा. ही खूण कुणी शिकवावी लागली नाही.

फेरपरीक्षेला बाप रात्रपाळी करून, न झोपता आला आणि माझ्याशेजारी वर्गाच्या खिडकीबाहेर उभा राहिला. पेपर सुरू झाला. पोरगी सवयीनं डाव्या हाताच्या बोटांवर हिशेब करू लागली. वर्गावरच्या सरांनी तिची बोटं पाहिली, मग खिडकीत खिसे चाचपणारा बाप पाहिला. झालं! पेपर ओढून घेतला.

"बाप खुणा करतोय आणि पोरगी उतरवतेय! मला काही कळत नाही वाटतं?"

"सायेब, मी बिडी शोधत होतो," बाप म्हणाला.

"मग खिडकी लावा," मी ओरडले. "फळ्यावर घ्या हिची परीक्षा. बोटांवर करू द्या नाहीतर पायावर, उत्तर बघा! नाहीतर उद्या पत्रकात हेच छापते."

सरांनी खिडकी लावली, आदळूनच. आतून नुसता खडूचा आवाज.

"चुकली तर?" बाप हळूच म्हणाला.

"नाही चुकणार." आयुष्यात इतक्या खात्रीनं मी घोषणाही दिली नव्हती.

दार उघडलं. फळ्यावर पाच गणितं, पाचही बरोबर. सरांनी पेपर परत तिच्या हातात दिला आणि तिनं तो पुरा लिहिला.

दोन दिवसांनी निकाल लागला, पास! आमच्यासमोर सरांनी सातवीचं हजेरीपुस्तक उघडून शेवटच्या ओळीत तिचं नाव लिहिलं आणि लगेच मिटायला घेतलं. बापानं पानावर हात आडवा धरला.

"सायेब, शाई वाळू द्या."