क्लेमेन्सवहिनीच्या पिठाच्या पिशव्या

माझ्या वहिनीला, क्लेमेन्सला, घाईत काम करताना कुणी पाहिलं नाही, कारण घाईची कामं ती आधीच उरकून ठेवायची. सप्टेंबर लागला की मैद्याचं पोतं उघडायची. त्यात मीठ, बेकिंग पावडर आणि डुकराची चरबी घालायची, चरबी बोटांनी रवाळ होईपर्यंत चोळायची आणि ते पीठ धुतलेल्या कापडी पिशव्यांत भरून तोंडं दोऱ्यानं आवळायची. एक पिशवी म्हणजे एका दिवसाचा बॅनक, आमचा तव्यावरचा जाड पाव.

माझा भाऊ अँब्रोज दरवर्षी मूस या घोड्याएवढ्या हरणाच्या शिकारीला तळ्यापलीकडच्या जंगलात जायचा, तेव्हा या पिशव्या त्याच्या नावेत चढायच्या. दिवसभर गारठ्यात फिरून अंधारात तळावर आलेला माणूस मापं काढत बसत नाही. पिशवीतल्या पिठात खळगा करायचा, पाणी ओतायचं, तिथल्या तिथं गोळा करायचा आणि तव्यावर टाकायचा.

आमच्याकडे बॅनकवरून हात ओळखतात. जास्त तिंबला की तो दगड होतो, हलक्या हातानं गोळा केला की फुगतो. दादाचा हात हलका होता. त्याच्या तळावर लोक मांसापेक्षा बॅनकसाठी यायचे, आणि दादाला त्याचा माज होता.

मग एका हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पायही बऱ्यापैकी सुधारला, पण डावा हात सांगितलेलं काम उशिरा करू लागला. तरी सप्टेंबरात हा गडी नावेचं इंजिन पुसायला बसला.

"जाणार आहेस तू?" वहिनीनं विचारलं.

"मग काय, मूस दारात येऊन उभा राहणार आहे?"

"एकटा?"

"इतकी वर्षं काय वरात घेऊन जात होतो?"

वहिनी गप्प बसली. मला तेव्हाच खटकलं, कारण या बाईनं माझ्या भावाला उभ्या जन्मात एक वाद जिंकू दिला नव्हता. तिनं मुकाट्यानं पोतं उघडलं आणि पिशव्या भरून दिल्या.

दादा ठरल्या दिवशीच परतला. वाळला होता, आणि नाव रिकामी होती. त्यानं रिकाम्या पिशव्या टेबलावर ठेवल्या.

"काय रे, मूस रुसले का तुझ्यावर?" मी म्हटलं.

"दिसला होता एक. मी नेमच धरला नाही."

"का?"

"बॅनक बिघडत होता. रोज. चपटा, दातानं तुटेना असा. नुसती बोटं लावून गोळा केला, तरी तेच." त्यानं डावा हात मांडीवर ठेवला. "ज्या हाताला पीठ कळत नाही, त्यात बंदूक कशी द्यायची? जनावर जखमी होऊन पळालं, तर ते पाप कुणाच्या माथी?"

वहिनी चुलीकडे तोंड करून उभी होती. तिनं वळून पाहिलं नाही.

दादानं बंदूक तेल लावून कापडात गुंडाळली आणि कपाटावर टाकली. त्या दिवसापासून डावा हात कोटाच्या खिशात गेला. चर्चमध्ये खिशात, जेवताना मांडीखाली. कॉफी सांडेल म्हणून कुणाकडे जाईना. मला त्याची फार दया यायची आणि रागही यायचा.

"निदान घरात तरी आहे, वहिनी," मी एकदा म्हणाले. "तुझा जीव टांगणीला नाही."

"हो," ती म्हणाली, आणि तिनं घासलेलीच कढई पुन्हा घासायला घेतली.

पुढच्या सप्टेंबरात मी त्यांच्याकडे बसले होते. वहिनीनं भरलेली एक पिशवी दादासमोर ठेवली.

"मळ."

"मला नाही जमत."

"मळ म्हणते ना."

तिचा तो आवाज ऐकून मीही सरळ बसले. दादानं हात खिशातून काढला, पाणी ओतलं, कसाबसा गोळा केला आणि तव्यावर टाकला. बॅनक फुगला. चांगला टरारून फुगला. दादा तव्याकडे बघत राहिला.

"गेल्या वर्षी मी बेकिंग पावडर घातली नव्हती," वहिनी म्हणाली.

"विसरलीस?"

"नाही."

"किती पिशव्यांत?"

"सगळ्या. वाटलं, दोन दिवस ते चपटं खाशील, वैतागशील आणि मला शिव्या घालत घरी येशील. मला तू जिवंत हवा होतास."

दादानं बॅनक तोडला. एक तुकडा मला दिला, एक स्वतः खाल्ला. तिला दिला नाही.

"वर्षभर हा हात लपवून फिरलो, क्लेमेन्स."

"बघत होते मी."

मग त्यानं कपाटावरची बंदूक उतरवली.

तो निघाला, त्या सकाळी पिशव्यांची टोपली घेऊन वहिनी धक्क्यावर आली. दादा नावेत बसला होता. इतक्या वर्षांत निघण्याआधी त्यानं तिची पिशवी कधी उघडून पाहिली नव्हती. आता त्यानं पहिलीचा दोरा सोडला, बोट ओलं करून पिठात बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. दोरा पुन्हा बांधला, पिशवी नावेत ठेवली.

मग दुसरीसाठी हात पुढे केला. वहिनीनं ती त्याला दिली.