जातो म्हणायचं नसतं

किस्से काय हो, पंख्यावरच्या धुळीसारखे साचत राहतात. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत खाली एक बाक आहे. त्यावर आम्ही तिघं: देवळ्याचे बोरसे अण्णा, रिटायर्ड शिक्षिका शिंदे बाई आणि मी. तिघांचेही जोडीदार गेलेले, तिघांचीही मुलं परदेशात. दिवाळीला पोरं येत नाहीत, पार्सलं येतात! प्रत्येक पार्सलात एक नवं यंत्र. मग किस्से होणारच की.

*

अण्णांच्या मुलाने केर काढणारा रोबो पाठवला. टायमिंग तिकडूनच मोबाइलवर लावलं, अमेरिकेतली सकाळ बघून. इकडे बरोब्बर दिवेलागणीला तो घरभर फिरायला लागला!

अण्णा त्याला बगलेत मारून खाली आले. "लय हट्टी हाय! ऐन दिवेलागणीला झाडतंय, लक्ष्मी घालवतंय घरातली!"

"अहो, मग बंद करून कपाटात टाका ना."

"नाय नाय," अण्णा म्हणाले, "घरात तेवढंच तर हलतंय."

*

शिंदे बाईंचं घड्याळ त्याहून भारी. माणूस पडला की थेट ऑस्ट्रेलियात मुलीला मेसेज! पहिल्याच दिवशी बाई भाकरी थापायला बसल्या आणि घड्याळाला वाटलं, बाई आपटल्या. मुलीचा घाबराघुबरा फोन, "आई, कुठे पडलीस?"

"पडतेय कशाला! भाकरी थापतेय!"

मुलीने सेटिंग बदलायला सांगितलं. बाईंनी ते काही केलं नाही. हल्ली एकटीसाठी चार-चार भाकऱ्या थापतात, त्याही दणादण! उरलेल्या आम्हाला मिळतात. आम्ही काही विचारत नाही.

*

माझ्या वाट्याला आलं, आपण बोललं की टाइप होणारं अ‍ॅप. रोज सकाळी कॅनडात समीरला, म्हणजे माझ्या मुलाला, 'मी बरा आहे' पाठवायचं. एके दिवशी गेलं, 'मी बारा आहे'.

"बारा काय, बाबा?"

बाराच वाजलेत माझे, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. पण तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलं की म्हातारा भ्रमिष्ट व्हायला लागला. फ्लॅट विकू, तुम्हाला 'सिनियर लिव्हिंग'मध्ये ठेवू, म्हणायला लागला. वृद्धाश्रमच तो, इंग्रजीत सांगितला म्हणून काय झालं! मला हे घर सोडायचं नव्हतं. सुनंदा, माझी बायको, याच घरात तीस वर्षं वावरली.

*

मग आला दाराजवळचा बोलका डबा. घरी आल्यावर 'येतो' म्हणायचं, की दिवे लागतात आणि डबा म्हणतो, "या!" निघताना 'जातो' म्हणायचं, की सगळं बंद.

"अरे, आल्यावर 'आलो' म्हणतात," मी समीरला फोनवर म्हटलं.

"बाबा, मी त्यात येतो आणि जातो टाकलंय. तेवढंच लक्षात ठेवा."

आता निघताना जातो कोण म्हणतं? सुनंदा तर अंगावर यायची, "जातो काय? येतो म्हणावं!" दवाखान्यात निघाली तेव्हा तीसुद्धा "येते हं" म्हणूनच गेली. पहिल्या दिवशी मी सवयीने "येतो" म्हणून दार ओढलं. आतून डब्याच्या बायकी आवाजात, "या!" सुनंदा स्वयंपाकघरातून अस्संच म्हणायची. मी जिन्यातच बसलो. रडलो, खोटं कशाला सांगू.

महिनाभर समीरला तिकडे मोबाइलवर दिसत राहिलं, की बाबा बाहेर आणि घरात दिवे, पंखे चालू. शेवटी त्याने रविवारी व्हिडिओ कॉलवर परीक्षाच ठेवली. अण्णा आणि बाई साक्षीदार.

"बाबा, दारात उभे राहा आणि फक्त 'जातो' म्हणा. आज जमलं नाही तर पुढच्या महिन्यात फ्लॅट विकायला काढतो."

बाई कानाशी कुजबुजल्या, "म्हणून टाका हो एकदा!" अण्णांनी पाठीवर हात ठेवला. मी तोंड उघडलं. नाही निघाला तो शब्द.

"येतो गं," मी म्हणालो.

दिवे लागले, पंखा सुरू झाला. आतून आवाज आला, "या!"

समीर बघत राहिला. एरवी तो "ओके, बाय" म्हणून फोन कापतो. त्या दिवशी त्याने चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाला, "येतो, बाबा."

आणि आमच्या डब्याने लगेच उत्तर दिलं, "या!"