मामाचं मत आणि जिन्यातली काच

माझा मामा काचेचं काम करतो. खिडक्या, आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा, कुणाच्या पोराने चेंडू मारून फोडलेली तावदानं. हातमोजे घालत नाही. म्हणतो, मोजे घातले की काच निसटायला लागलेली कळत नाही. त्यामुळे त्याच्या बोटांवर रेषा कमी आणि चिरा जास्त. बँकेतलं अंगठा घेणारं यंत्र त्याला ओळखत नाही. तिथली बाई दर वेळी म्हणते, पुसून परत लावा. हा पुसतो, परत लावतो, मग दोघं मिळून यंत्राला नावं ठेवतात.

मी त्याची भाची. नववीत शाळा सोडली. शाळा मला झेपली नाही आणि मी शाळेला. आई गेल्यापासून मामा-मामीकडेच आहे. काच कापते, टेम्पो चालवते, आणि गिऱ्हाइकाशी मी बोलू नये असं मामीचं म्हणणं आहे. मामाबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही. मी स्वतः बोलले तर चालतं. या निवडणुकीत मी त्याला पुष्कळ बोलले.

कारण मामाला राग आला किंवा लाज वाटली की तो तोंड उघडत नाही. फडकं घेतो आणि समोर असेल ती काच पुसत बसतो. समोरचा बोलून बोलून थकतो. मामी म्हणते, तुझ्या मामाशी भांडण्यापेक्षा भिंतीशी भांडलेलं बरं, भिंतीचा निदान आवाज तरी परत येतो.

दुकानातला तिसरा माणूस लांब्या. मामाचा जोडीदार. मामा जेमतेम माझ्या कानापर्यंत येतो आणि लांब्याला आमच्या दारातून वाकून यावं लागतं. तो मामाला बुटक्या म्हणतो, तेही गिऱ्हाइकासमोर. माझ्या जन्माच्या आधीपासून दोघं काचा वाहतायत. मोठी काच एकट्याला उचलत नाही आणि कुणाही दोघांना उचलत नाही. पाऊल जुळावं लागतं. जिन्यावर मामा वरच्या बाजूला, लांब्या खालच्या, कारण सगळं वजन खालच्याच्या अंगावर येतं. आणि काच उचलली की बोलणार फक्त खालचा. तो 'थांब' म्हणाला की वरच्याने थांबायचं, 'चल' म्हणाला की चालायचं, का म्हणून विचारायचं नाही. माझ्यासमोर मामाने हे एकदाही मोडलेलं नाही.

आता निवडणुकीचं. निवडणूक देशाची होती, आणि आमच्या भागातून धड म्हणावेत असे उभेच दोघं होते. धड दोघंही नव्हते, ही गोष्ट वेगळी.

एक पूलवाला. तो आधीपासून वर बसलेला. त्याने पूल बांधला, फीत कापली, फोटो काढले, आणि मग पूल दुरुस्तीसाठी बंद केला तो अजून बंदच आहे. कंत्राट मेव्हण्याचं. फोन लावला तर स्वतः उचलतो, हे खरं आहे. उचलतो आणि म्हणतो, "बघतो." आमच्या दुकानांची रांग मोठ्या रस्त्यात जाणार, त्या नकाशावर सही त्याचीच. आमच्या खांबावर लाल रंगाची फुली मारून गेली त्याची माणसं.

दुसरा वकील. कपडे पांढरेशुभ्र, भाषा गोड, पक्ष किती बदलले ते त्यालाच विचारावं लागेल. तो म्हणाला, मी निवडून आलो तर रस्ता मागच्या मोकळ्या जमिनीतून नेतो, या रांगेची एक वीट हलू देणार नाही. टाळ्या. मग त्याच भाषणात म्हणाला, बाहेरून आलेल्यांनी इथल्यांच्या तोंडचा घास काढलाय, वर जाऊन कायदा करतो, त्यांना ना मत, ना धंद्याचा परवाना. पुन्हा टाळ्या.

लांब्या बाहेरचा. म्हणजे आईच्या कडेवर बसून आलेला. तिकडच्या भाषेतले त्याला चार-दोन शब्द येतात, आणि ते चारचौघांत बोलण्यासारखे नाहीत.

तर असं होतं. पूलवाल्याला द्या आणि दुकान पाडून घ्या, नाहीतर वकिलाला द्या आणि लांब्याला पाडा. मला तर वाटायचं दोघांना एका खोलीत कोंडावं आणि वरून कुलूप लावून किल्ली हरवावी.

त्यातच वकिलाच्या प्रचार कचेरीतून ऑर्डर आली. पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला, एकच अख्खी काच. मामाने घेतली. काम ते काम. लांब्याही म्हणाला, "चला, त्याला एकदा आरपार बघून घेऊ."

कचेरीच्या दारात एक जॅकेटवाला उभा होता. वकिलाचा उजवा हात. मामाच्या खांद्यावर हात टाकला त्याने.

"मामा, तुमच्या रांगेचं साहेबांनी मनावर घेतलंय. तुम्ही फक्त घरातली मतं इकडेतिकडे होऊ देऊ नका."

"बघू," मामा म्हणाला.

"बघू काय, ठरवून टाका." मग त्याने हनुवटीनेच लांब्याकडे दाखवलं. लांब्या काच धरायचे रबरी पंजे हातात चढवत होता. "हा तिकडचा ना? याला म्हणावं या वेळी हौस भागवून घे मत द्यायची. पुढच्या वेळी तिकीट काढून गाडीत बसवतोय आम्ही." तो हसला. शेजारचे दोघं त्याला बरं वाटावं म्हणून हसले.

लांब्याने मामाकडे बघितलं. मीही बघितलं. मामाने टेम्पोतून फडकं काढलं आणि काचेचा कोपरा पुसायला लागला. कोपरा लख्ख होता. सकाळी मीच पुसला होता.

मी म्हटलं, "ओ जॅकेटवाले..."

"तू वर जाऊन दार धर," मामा म्हणाला. म्हणजे तोंड होतं त्याला. फक्त माझ्यासाठी होतं.

मी वर गेले, दार धरून उभी राहिले. जिना अरुंद, मधे वळण. दोघांनी काच उचलली आणि चढायला लागले. मामा पाठमोरा वर येत होता. वळणावर आले, काच तिरकी केली, आणि लांब्या म्हणाला, "थांब."

मामा थांबला. मी वाकून बघितलं, भिंतीला काही लागतंय का. काहीच लागत नव्हतं.

"तू गप्प का बसलास?" लांब्याने विचारलं.

"काय?"

"खाली. तो मला गाडीत बसवत होता तेव्हा."

"वेड लागलंय का तुला? काच हातात आहे."

"म्हणूनच विचारतोय. खाली ठेवली की तू फडकं घेशील."

मामाच्या मानेवरच्या शिरा ताठ झालेल्या मला वरून दिसत होत्या. सगळं वजन लांब्याच्या अंगावर होतं. मी म्हटलं, "लांब्याकाका, आधी वर तरी या."

"तू मधे बोलू नकोस. बुटक्या, सांग."

"माझं दुकान जातंय," मामा म्हणाला. "फुली मारून गेलेत. काय बोलू मी त्याला? काच देत नाही, जा म्हणू?"

"मत कुणाला देतोस ते विचारलं का मी? दे त्यालाच दे. मी विचारतोय, तू गप्प का बसलास?"

मामा काही बोलेना. आणि तिथे त्याला पुसायलाही काही नव्हतं, दोन्ही हात अडकलेले. खालून कुणीतरी ओरडलं, "काय झालं, अडकली का?" लांब्याने खाली वळूनही बघितलं नाही. मग म्हणाला, "चल."

काच बसली. अशी बसली की कुठे सुई शिरायची नाही. तेवढ्या वेळात दोघं कामापलीकडचा एक शब्द बोलले नाहीत. मग लांब्याने रबरी पंजे काढले, टेम्पोच्या सीटवर ठेवले आणि चालत गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्याही.

मामा त्याच्या घरी जाऊन आला. लांब्याची बायको म्हणाली, घरी नाहीत. तिच्या नवऱ्याच्या त्या होडीएवढ्या चपला दारातच पडलेल्या होत्या. मामा चपलांकडे बघत म्हणाला, आले की सांगा, आणि परत आला.

मग मी आणि मामा काचा उचलायला लागलो. माझ्यात ताकद आहे, धीर नाही. मी भराभर चालते, मामा ओढला जातो. एक आरसा दारात घासला, नवाकोरा. मोठ्या काचेची कामं मामा परत पाठवायला लागला. गिऱ्हाइकाला म्हणायचा, माणूस आजारी आहे.

घरात मामी वेगळी पेटलेली. "वकिलाला द्या आणि मोकळे व्हा. भावजी आज रुसलेत, उद्या येतील. दुकान पाडलं की पाडलं. ते काय रुसून परत येणार आहे?"

"आणि कायदा केला तर?" मामा म्हणाला.

"करू दे की. बोलतात तेवढं करतात का ही माणसं?"

"मग रस्ता तरी मागून नेईल कशावरून?"

मामीने हात उडवला. "निदान तो नेतो म्हणाला तरी. दुसरा तर पाडतो म्हणूनच उभा आहे."

मला मामीचं पटत होतं. खरं सांगते, मी मनात वकिलावर शिक्का मारून मोकळी झाले होते. जॅकेटवाल्याच्या कानाखाली जाळ काढायचा आणि वकिलाला मत द्यायचं, दोन्ही एका दिवसात करता येईल असं माझं गणित होतं. मामाला म्हटलं तसं. तो म्हणाला, "तुझं तू बघ." आणि फडकं घेतलं. मी ते त्याच्या हातातून ओढून मोरीत फेकलं. "बोल ना एकदा काहीतरी! कुणाला देणार ते तरी सांग."

"मला दोघंही नकोत," मामा म्हणाला. "दोघांतल्या एकालाही मी दुकानात पाणी विचारणार नाही. आणि तरी जाऊन शिक्का मारायचा. कसला हा छळ."

एवढं सलग तो वर्षात बोलला नसेल.

मतदान माझ्याच शाळेत होतं. एवढ्या वर्षांनी शाळेत पाऊल टाकलं ते असं. रांग गेटाबाहेर गेलेली. मामी, मामा, मी. आमच्या मागे सात-आठ माणसं सोडून लांब्या, सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसणारा. मामाने मागे वळून बघितलं. लांब्या शाळेचा बोर्ड वाचत बसला, जसं काही त्याला प्रवेशच घ्यायचाय.

गेटावर जॅकेटवाला. सगळ्यांना हात जोडत होता. आमच्याजवळ आला.

"मामा, ठरलंय ना आपलं?" मग लांब्याकडे नजर गेली त्याची. "अरे वा, पाहुणे पण आलेत. घ्या, घ्या, शेवटची संधी."

मामाचा हात खिशाकडे गेला. खिशात रुमाल होता. मी म्हटलं आता हा चष्मा पुसणार. त्याने चष्मा काढलाही. मग तसाच हातात धरून म्हणाला, "तो माझा जोडीदार आहे. पाहुणा नाही. त्याच्याशी नीट बोल."

"अहो मामा, गंमत केली."

"मला नाही आली. आणि तुझ्या साहेबाला माझं मत नाही. सांग जाऊन." आवाज मोठा नव्हता, पण रांग ऐकत होती. जॅकेटवाल्याचं हसू उतरलं. "बघा हं, मामा. दुकानांची रांग तुमची आहे. लक्षात ठेवतो मी."

"ठेव."

मामीने कपाळाला हात लावला. "झालं. लावला निकाल." तिचं चुकीचं नव्हतं. मला मामाचा इतका अभिमान वाटला आणि इतका राग आला की काय करावं कळेना. हेच त्या दिवशी दारात बोलला असता तर? जिन्यात तरी? आता दुकानही गेलं म्हणायचं आणि वर पूलवाल्यासारख्या माणसाला आपल्या हाताने मत द्यायचं.

लांब्या आपली जागा सोडून पुढे आला. मागची माणसं कुरकुरली. "रांग सोडली तर परत मागे जावं लागेल," एक बाई म्हणाली. लांब्या म्हणाला, "जातो हो." मग मामाला म्हणाला, "अक्कल आहे का तुला?"

"काय झालं आता?"

"मी वकिलालाच देणार होतो."

मामा चष्मा डोळ्यांवर चढवून त्याच्याकडे बघायला लागला. "तो तुला हाकलणार आहे."

"हाकलेल तेव्हा हाकलेल. दुकान पाडलं तर मी उद्यापासून काय उचलू, तुला? तुला नव्हतं द्यायचं तर त्याला कळू न देता गुपचूप दुसऱ्याला द्यायचं होतं ना. आता तो आपली रांग आधी पाडेल."

"तूच म्हणालास, गप्प का बसलास."

"त्या दिवशीचं म्हणालो. आज बोल म्हणालो का?"

"म्हणजे मी कधी बोलायचं ते तू ठरवणार?"

"तुला ठरवता येत असतं तर ही वेळ आली असती का?"

"भावजी," मामी म्हणाली, "तुम्ही दोघं आधी मत द्या आणि मग एकमेकांचा गळा धरा. ऊन डोक्यावर आलंय."

लांब्या रांगेच्या शेवटी गेला, गेटाच्या पार बाहेर. आम्ही आत गेलो. पुठ्ठ्यामागे उभी राहिले तेव्हा मला दोन्ही चिन्हं बघवेनात. वकिलावर मारायचं ठरवून आले होते आणि हात तिकडे जाईना. पूलवाल्यावर मारला शिक्का. इतका जोरात मारला की टेबलामागचा माणूस म्हणाला, "हळू, कागद फाटेल." बाहेर आल्यावर मला काही चांगलं केल्यासारखं वाटलं नाही. कुणीतरी हात पिरगाळून करून घेतल्यासारखं वाटलं.

मामी तडक घरी गेली. मामा गेटाबाहेर भिंतीच्या सावलीत उभा राहिला. मी म्हटलं, चल ना. म्हणाला, तू हो पुढे. मी गेले नाही. लांब्या पार शेवटी बाहेर आला. कुणाला दिलं ते मामाने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

"वळणावरच्या त्या केस कापायच्या दुकानाचा आरसा आहे," मामा म्हणाला. "भिंतभर. परत पाठवणार होतो."

"कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"लिफ्ट?"

"बंद."

लांब्याने मामाला एक शिवी दिली, त्याच्या त्या तिकडच्या भाषेतली, आणि दोघं दुकानाच्या दिशेने चालायला लागले. आमच्या रांगेचं काय होणार ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. वाटेत ते परत भांडायला लागले, कोण कधी बोलायला हवं होतं यावरून. मी मागून टेम्पोची किल्ली हातात घेऊन चालत होते. दोघांपैकी एकानेही मला विचारलं नाही की पोरी, तू कुणाला दिलंस.