लाल दोऱ्याचं पाकीट

दादा माझा थोरला भाऊ. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो घरूनच ऑनलाइन सामान विकतो आणि पार्सलं मी बांधते. सुयांची पाकिटं धडाधड जातात. भिंतभर खणांत मात्र बंद पडलेल्या कंपन्यांच्या मशीनचे सुटे भाग. आठवड्याला एखादा गेला तर गेला.

"ही भिंत मोकळी कर, सुया भर," मी कानीकपाळी ओरडायचे. त्याचं आपलं एकच, "ज्याचं मशीन अडलंय त्यानं कुठं जायचं?"

मग माझ्या मनात पाल चुकचुकली. हे भाग घेतं तरी कोण? दरवेळी नवा माणूस, एकच नग, परत म्हणून फिरकत नाही. भिंत वाचवायला हा जुन्या मित्रांकरवी स्वतःच मागवत असणार! मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. भागांच्या पाकिटांना गुपचूप लाल दोरा बांधायला लागले.

पंधरा दिवसांनी त्याच्या टेबलाच्या खणात लाल दोऱ्याचं पाकीट दिसलं. उघडून बघायची गरजच वाटली नाही, इतका राग आला. तो गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेला आणि मी भंगारवाल्याला बोलावलं.

दादा परतला. रिकामी भिंत बघून खाली बसला. मी ते पाकीट त्याच्यापुढे आपटलं. "मला फसवतोस?"

त्यानं ते सोडलं. आत झिजलेलं शटल होतं, बॉबिन बसते तो भाग, आणि गिऱ्हाइकाची चिठ्ठी: 'तुम्ही सांगितलंत म्हणून जुनं शटल त्याच कागदात, त्याच दोऱ्यानं बांधून परत पाठवतेय. नवीन बसलं. मशीन चालू झालं.'

"भाग कुठं झिजतो ते कळावं म्हणून सगळ्यांकडून जुना भाग मागवतो," तो म्हणाला. "तुला सांगितलं होतं."

सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याभरात जो तो सुया विकायला लागला आणि आमच्या पाकिटांना कुणी विचारेना. ऑर्डर आली ती एका शटलची.

दादानं आईच्या मशीनवरची चादर काढली. तेही त्याच कंपनीचं. आमचे शाळेचे कपडे तिनं त्याच्यावर शिवले होते. त्यातलं शटल काढून त्यानं माझ्या हातात ठेवलं.

"बांध. आणि त्यांचं जुनं पाठवायला सांग. घासून बघतो, आईच्या मशीनला बसतंय का."